विमानाच्या अंगाला चिकटलेली हवा

दिवाळीच्या आधीचा रविवार. मी स्टुलावर उभा राहून हॉलमधला पंखा पुसत होतो आणि आई खाली स्टूल धरून सूचना देत होती. पात्यांच्या पुढच्या कडेला काळपट, तेलकट धुळीचा थर असा बसला होता की कोरड्या फडक्याला दाद देईना. "एवढा गरागरा फिरतो दिवसभर, तरी धूळ उडून कशी जात नाही रे?" आईने विचारलं.

प्रश्न एकदम नेमका होता. पंख्याच्या पात्याला अगदी लागून असलेली हवा पात्याला चिकटते आणि त्याच्याबरोबरच फिरते. म्हणजे पात्यावर बसलेल्या धुळीच्या कणाला विचारलंत तर तो म्हणेल, इथे वारा नाहीच. वारा थोडा वर आहे. धातूपासून जसजसं दूर जावं तसतसा हवेचा वेग वाढत जातो, आणि काही अंतरानंतर तो पूर्ण होतो. शून्यापासून पूर्ण वेगापर्यंतचा हा जो पातळ थर, त्याला सीमास्तर म्हणतात. विमानाचं इंधन कुठे जातं याचं निम्मं उत्तर या थरात आहे.

१९०४ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या हायडलबर्गला गणितज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तिथे लुडविग प्रांटल नावाच्या २९ वर्षांच्या प्राध्यापकाने छोटंसं भाषण दिलं आणि ही सीमास्तराची कल्पना मांडली. त्याच्याकडे उपकरण काय, तर हाताने चाक फिरवून पाणी खेळवायचा एक हौद आणि पाण्यात सोडलेली अभ्रकाची चमकी, प्रवाह डोळ्यांना दिसावा म्हणून. एवढ्यावर त्याने आणखी एक गोष्ट करून दाखवली, तिच्याकडे पुढे येतो. कारण विमानावरच्या हवेला वळण लावायचे आजचे सगळे उद्योग त्या हौदातूनच निघाले आहेत.

आधी थराची जाडी बघू. प्रवासी विमान सेकंदाला साधारण २३० मीटर वेगाने जात असतं. त्याच्या पंखावर हा थर पुढच्या कडेला कागदासारखा पातळ असतो आणि मागच्या कडेपर्यंत दोन-तीन बोटं जाड होतो. विमानाच्या धडावर, नाकापासून शेपटीपर्यंत तो वाढत वाढत वीतभर होतो. पस्तीस-चाळीस मीटर लांबीच्या यंत्राच्या मानाने वीतभर म्हणजे काहीच नाही. पण संथ उड्डाणात, म्हणजे उंचावर पोचून एकाच वेगाने जाताना, विमानाला जो विरोध होतो, ज्याला सगळे सरळ ड्रॅग म्हणतात, त्यातला जवळजवळ निम्मा हिस्सा या थरातल्या घासण्यातून येतो. उरलेल्यातला मोठा भाग पंखाने विमान उचलून धरण्याची किंमत म्हणून जातो. ती वेगळी गोष्ट आहे, आज तिच्यात शिरत नाही.

हे घासणं मोजायचं कसं, हाही एक प्रश्नच होता. ते थेट मोजणाऱ्यांत एक नाव आपल्या ओळखीचं आहे. श्रीहरिकोट्याच्या अंतराळ केंद्राला ज्यांचं नाव आहे ते सतीश धवन. अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेत हान्स लीपमन यांच्या हाताखाली त्यांनी १९५१ मध्ये डॉक्टरेट केली, ती याच विषयावर. पृष्ठभागाचा एक लहानसा तुकडा आजूबाजूपासून मोकळा करायचा, तो किंचित सरकू शकेल असा बसवायचा, आणि वरून जाणारी हवा त्याला किती जोराने मागे ओढते ते मोजायचं. ऐकायला सोपं आहे. पण भोवतीची फट केसाएवढी जरी चुकली तरी हवा त्यात अडखळते आणि मोजमाप बिघडतं.

आता या थराचे दोन स्वभाव. एक शिस्तीचा: हवेचे पदर एकावर एक सरकत जातात, पदर सोडून कोणी इकडेतिकडे करत नाही. याला लॅमिनार म्हणतात. दुसरा टर्ब्युलंट, म्हणजे गोंधळी: वरची वेगवान हवा खाली, खालची मंद हवा वर, सगळी सरमिसळ. उदबत्तीचा धूर आधी सरळ जातो आणि मग विस्कटतो, तसं पंखावरही सुरुवात शिस्तीत होते आणि थोड्या अंतरावर गोंधळ माजतो. विमानाच्या वेगाला सपाट पत्र्यावर हिशेब केला तर गोंधळी थराचं घासणं शिस्तीच्या थरापेक्षा सहा-सात पट भरतं. सहा-सात टक्के नव्हे, पट. म्हणून पंखाचा जास्तीत जास्त भाग शिस्तीत ठेवता आला तर काय बहार होईल, हे स्वप्न विमानशास्त्राइतकंच जुनं आहे.

पण गोंधळ म्हणजे वाईट, असं लिहून ठेवू नका. जुलै-ऑगस्टात खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि निम्मं पुणं मुठेचं पाणी बघायला बाहेर पडतं. पुढच्या वेळी गेलात तर लोंढ्याकडे बघू नका, वरच्या एखाद्या पुलाच्या खांबामागे बघा. पाणी खांबाला पुढून धडकतं, दोन्ही बाजूंनी जोरात निघून जातं, पण खांबाच्या मागे लगेच जुळत नाही. तिथे एक मेलेली जागा तयार होते. गेल्या पावसाळ्यात मी अशा जागी जलपर्णीचा एक गठ्ठा आणि एक निळी स्लीपर दहा-पंधरा मिनिटं तिथल्या तिथे गोल फिरताना पाहिली. मध्येच ती स्लीपर चक्क उलटी, प्रवाहाच्या विरुद्ध, खांबाकडे सरकायची. पुढून दाब जास्त, मागे कमी. म्हणजे पाणी खांबाला सतत मागे खेचत असतं. विमानाच्या पंखामागे, शेपटीवर, उघडलेल्या फ्लॅपवर (पंखाच्या मागच्या कडेला खाली वळणारी फळी) हवा अशी सुटली तर हेच होतं, आणि वर उचलून धरणारा जोरही जातो.

हवा अशी पृष्ठभागापासून का सुटते? वळणदार वस्तूच्या मागच्या अर्ध्या भागात दाब पुन्हा वाढत जातो, म्हणजे हवेच्या दृष्टीने तो चढ असतो. कात्रजचा घाट समजा. वरच्या थरांतली वेगवान हवा पाचव्या गियरमध्ये आलेल्या गाडीसारखी सपकन चढून जाते. पृष्ठभागालगतची हवा म्हणजे ट्रिपलसीट जुनी स्कूटर. आधीच घासून घासून दमलेली, अर्ध्या घाटात धापा टाकते, थांबते आणि मागे घसरायला लागते. तिच्यामुळे मग वरची वाहतूकही रस्ता सोडते. इथे गोंधळी थर कामाला येतो, कारण त्यात वरची ताज्या दमाची हवा सतत खाली मिसळत असते. तो चढावर जास्त वेळ टिकतो. गहुंज्याच्या मैदानावर नवा चेंडू स्विंग होतो त्यामागे हेच आहे. शिवणीच्या बाजूला थर गोंधळी होतो आणि चेंडूला उशिरापर्यंत चिकटून राहतो, गुळगुळीत बाजूला लवकर सुटतो, आणि चेंडू वळतो.

तर दमलेल्या स्कूटरचं काय करायचं? तीन उपाय आहेत. तिला उचलून रस्त्यातून बाजूला करा, मागून ढकला, किंवा वरच्या हवेला खाली बोलवा. तिसऱ्यासाठी कित्येक विमानांच्या पंखांवर बोटाएवढे छोटे पत्रे उभे लावलेले असतात. खिडकीतून नीट पाहिलंत तर ओळीत दिसतात. ते बापडे नुसते उभे असतात, काही खात-पीत नाहीत, म्हणून त्यांना निष्क्रिय उपाय म्हणतात. पहिल्या दोन उपायांना मात्र बाहेरून ऊर्जा द्यावी लागते: पंप, दाबाची हवा, वीज. हेच सक्रिय प्रवाह नियंत्रण.

प्रांटलने हौदात करून दाखवलं ते हेच. गोल दांड्याच्या एका बाजूला फट पाडून तिच्यातून थोडंसं पाणी शोषून घेतलं. त्या बाजूचा प्रवाह दांड्याला चिकटून गेला, दुसऱ्या बाजूचा सुटला. म्हणजे सीमास्तर सांगितला त्याच भाषणात त्याला वेसण घालायची रीतही सांगून झाली. विमानांना मात्र ती अंगवळणी पाडायला शंभर वर्षं पुरलेली नाहीत.

शोषून घेण्याचा फायदा दुहेरी आहे. दमलेली हवा गेली की थर सुटत नाही, आणि तो पातळ राहिला की गोंधळीही लवकर होत नाही. अमेरिकेत नॉर्थ्रॉप कंपनीने दोन बॉम्बर जातीची विमानं घेऊन त्यांचे पंख नव्याने बनवले, त्यांवर लांबच लांब बारीक फटी पाडल्या आणि आतून हवा ओढायचे पंप बसवले. एक्स-२१ए नावाचं हे विमान १९६३ मध्ये उडालं. पंखाच्या बऱ्याच मोठ्या भागावर हवा शिस्तीत राहिली, म्हणजे विज्ञान पास झालं. पण फटी बुजायच्या, त्या साफ ठेवता ठेवता माणसं टेकीला यायची, आणि बर्फाच्या कणांच्या ढगातून विमान गेलं की शिस्त मोडायची.

मग नासाने ऐंशीच्या दशकात जेटस्टार नावाच्या छोट्या विमानावर पंखाची फक्त पुढची कड घेतली. टायटॅनियमचा पत्रा, त्याला इलेक्ट्रॉनांच्या झोताने पाडलेली सुमारे दहा लाख भोकं, प्रत्येकाचा व्यास ०.०६ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे केसाएवढा. विमान खऱ्या प्रवासी विमानासारखं वेगवेगळ्या शहरांतून रोज उडवलं. शत्रू कोण निघाला? चिलटं. विमान चढता-उतरताना जमिनीजवळचे किडे पंखाच्या पुढच्या कडेवर आपटून चिकटतात, आणि एवढ्याशा वाळलेल्या किड्याच्या मागे पाचरीच्या आकारात हवा गोंधळी होत जाते. म्हणून किड्यांना अडवायला पुढे एक ढाल, किंवा कड ओली ठेवायला तिच्यातून द्रव पाझरवायचा, असे उपाय करावे लागले. हसू नका. आपल्याकडे हडपसरला ग्लायडिंग सेंटर आहे. जगभरच्या ग्लायडरवाल्यांना हे दुखणं पाठ आहे. ग्लायडरचे पंख शिस्तीच्या हवेवरच जगतात, म्हणून उडण्याआधी ते आरशासारखे पुसून घेतात. स्पर्धेतल्या काही ग्लायडरांना तर उडता उडता पंखावरून दोरीने सरकत जाणारे किडे-पुसणेही लावलेले असतात.

पंखा पुसून झाल्यावर मी हे सगळं आईला सांगत बसलो. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "मग पंख्यालाही भोकं पाड आणि पंप लाव. धूळ तरी बसणार नाही."

"अगं, पंपाचं वीजबिल पंख्यापेक्षा जास्त येईल."

"मग विमानाचं येत नाही का?"

येतं. आणि माझ्या मते या संपूर्ण विषयाचा हाच गाभा आहे. प्रयोगशाळेत ड्रॅग इतका कमी झाला, तितका कमी झाला अशा बातम्या येतात. त्या वाचताना पहिला प्रश्न आईचा विचारायचा. हवा ओढायची तर पंप हवा, पंपाला शक्ती हवी, ती शेवटी इंजिनातूनच येणार, म्हणजे इंधनातून. नळ्यांचं वजन आयुष्यभर वाहायचं. भोकं साफ करायला विमान जमिनीवर थांबवायचं, आणि थांबलेलं विमान पैसे कमवत नाही. हे सगळं वजा जाता जे उरेल ती खरी बचत. संथ उड्डाणात इंजिनाचा रेटा ड्रॅगएवढाच असतो, त्यामुळे ड्रॅगमधला एक टक्का म्हणजे ढोबळमानाने इंधनातला एक टक्का. पण तो संथ उड्डाणातच मिळतो. पुण्याहून दिल्लीला जाणाऱ्या दोन तासांच्या विमानाचा बराच वेळ चढण्या-उतरण्यात जातो. त्याला या खटाटोपाचा लाभ थोडा. बारा-चौदा तास उडणाऱ्याला जास्त.

म्हणून पुढे सगळ्यांनी हात आखडता घेतला. पूर्ण पंख सोडून फक्त पुढच्या पट्ट्यात शोषायचं, आणि मागचा आकारच असा द्यायचा की हवा आपणहून शिस्तीत राहील. १९९० मध्ये बोइंग ७५७ च्या पंखाच्या एका भागावर असं केलं तेव्हा पंखाच्या रुंदीच्या ६५ टक्क्यांपर्यंत हवा शिस्तीत राहिली. १९९८ मध्ये एअरबसने ए३२० च्या उभ्या शेपटीवर हाच प्रयोग केला. आणि बोइंगने ७८७-९ च्या शेपटीसाठी पंपच काढून टाकला. बाहेरच जिथे दाब कमी असतो तिथे आतली हवा सोडून दिली की पुढच्या भोकांतून हवा आपोआप ओढली जाते. वीजबिल शून्य. मला या सगळ्यात ही युक्ती सर्वांत आवडते.

आता दुसरा उपाय, मागून ढकलण्याचा. तो लढाऊ विमानांत केव्हाच रुळला होता. नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या कारखान्यात बनलेलं मिग-२१ बिस आठवा. २०२५ च्या सप्टेंबरात चंडीगडला मिग-२१ ला निरोप दिला गेला. त्याचे पंख छोटे, त्यामुळे उतरताना वेग भयंकर. म्हणून इंजिनातली दाबाची हवा थोडी काढून खाली वळलेल्या फ्लॅपवरून फुंकायची सोय त्यात होती. फुंकलेल्या हवेने दमलेला थर पुढे ढकलला जातो, फ्लॅपवर हवा टिकून राहते आणि जरा कमी वेगात उतरता येतं. यात ड्रॅग वाचवायचा हेतू नव्हता. पण आता त्याच युक्तीने आडमार्गाने ड्रॅग वाचवता येतो.

उभी शेपटी एवढी मोठी का असते? उड्डाण घेताना एका बाजूचं इंजिन बंद पडलं तर दुसरं इंजिन विमानाला तिरकं फिरवू पाहतं. ते सरळ ठेवायला मोठी शेपटी आणि तिचं सुकाणू लागतं. हा प्रसंग एखाद्या विमानाच्या आयुष्यात येईलही, न येईलही. बाकी सगळा काळ ती मोठी शेपटी नुसती हवेशी घासत असते, वजन वाढवत असते. मुंजीला शंभर पानं उठतील म्हणून घेतलेलं पातेलं रोजच्या आमटीला वापरण्यासारखं हे आहे. मग शेपटी लहान करायची आणि गरज पडली तरच तिला फुंकर घालून बळ द्यायचं, तर? नासा आणि बोइंगने आधी ७५७ ची अख्खी शेपटी वाऱ्याच्या मोठ्या बोगद्यात ठेवून पाहिली. फुंकरीने शेपटीचा बाजूला रेटायचा जोर वीस टक्क्यांहून जास्त वाढवून दिला. मग २०१५ मध्ये ३१ छोटे फवारे बसवून उड्डाणातही चाचणी झाली. हवा आली शेपटातल्या छोट्या सहायक इंजिनातून. यात हिशेबही जुळतो, कारण फुंकर काही सेकंदांची आणि लहान शेपटीचा फायदा कायमचा.

हे फवारे कसे असतात ते तुम्ही आत्ता खाली जाऊन बघू शकता. बऱ्याच गाड्यांत काच धुवायचं बटण दाबलं की पाण्याची एक धार न येता पंख्यासारखा पसरट फवारा येतो. ती खरं तर एकच धार असते, भराभर डावीकडे-उजवीकडे डोलणारी. आत एकही हलणारा भाग नसतो. धारेला शेजारच्या भिंतीला चिकटायची सवय असते. ती डाव्या भिंतीला चिकटली की तिच्यातलं थोडं पाणी एका बारीक वाटेने मागे फिरतं आणि तिच्या मुळाशी येऊन तिला उजवीकडे ढकलतं. उजवीकडे गेली की तिकडून तोच प्रकार. झिजायला, अडकायला काही नाही. विमानात देखभालीच्या माणसाला दुसरं काय हवं असतं? आणि डोलत्या धारेने जास्त रुंद भागावर काम होतं, तेही कमी हवेत.

सतत फुंकण्यापेक्षा ठोके देत फुंकलेलं बऱ्याचदा स्वस्त पडतं. पाळण्याची दोरी हातात धरून निवडणटिपण करणारी आजी पाळणा सतत ढकलत नाही. तो मागे आला की फक्त एक हिसका. सुटू पाहणाऱ्या हवेतही भोवरे एका ठरावीक लयीत तयार होत असतात. त्या लयीत इवलासा हिसका दिला तर भोवरे वरची हवा स्वतःच खाली आणून देतात.

या ठोक्यांना नळीने हवा पुरवायचीही गरज नाही. निरांजन फुंकून विझतं. आता तेवढ्याच अंतरावरून श्वास आत ओढून ते विझवून दाखवा. नाही जमणार. बाहेर जाणारी हवा धारेने जाते, आत येणारी चहूबाजूंनी येते. म्हणून डबीला एक भोक आणि आत स्पीकरसारखा थरथरणारा पडदा एवढं असलं तरी भोकातून धार निघत राहते, हवा कुठूनही आणावी लागत नाही. गणपतीत स्पीकरच्या भिंतीसमोर शर्ट फडफडला असेल तर तुम्हाला हे सांगायला नको. वीज लावून पृष्ठभागाजवळची हवाच जांभळट ठिणग्यांनी सरकवायचीही पद्धत आहे, तिला प्लाझ्मा म्हणतात. ती दिसते सुंदर, पण तिने निघणारा वारा सेकंदाला काही मीटरांचा. २३० मीटरवाल्यापुढे टेबलफॅन. छोट्या ड्रोनना ती जमेल.

राहिलं धड. तिथे हवा सुरुवातीलाच गोंधळी होते आणि शेपटीपर्यंत तशीच राहते, शिस्तीचं नाव नको. संगणकावर असं दिसलेलं आहे की भिंत प्रवाहाला आडवी, डावी-उजवी भराभर हलवली तर गोंधळी थराचं घासणंही चाळीस टक्क्यांपर्यंत घटतं. ते कमी वेगाच्या, आटोपशीर प्रवाहाला. पण विमानाचा पत्रा सेकंदाला शेकडो वेळा हलवायचा कसा, कशाने, आणि आत बसलेल्या प्रवाशाच्या चहाचं काय, असे प्रश्न निघतात. तोवर लुफ्तान्साच्या तंत्रज्ञांनी आणि बीएएसएफ या रसायन कंपनीने शार्कच्या कातडीवरून घेतलेली पट्टी काढली आहे. तिच्यावर ५० मायक्रोमीटरच्या, प्रवाहाच्या दिशेने जाणाऱ्या खाचा असतात. २०२२ पासून ती बोइंग ७७७ विमानांच्या अंगावर चिकटवली जाते आणि सुमारे एक टक्का इंधन वाचवते. पंप नाही, नळी नाही, वीज नाही. शोषणाऱ्या आणि फुंकणाऱ्या सगळ्या यंत्रांना आता बाजारात या स्टिकरच्या शेजारी उभं राहून आपला भाव सांगावा लागतो.